माणसाचं की गुरांचं

अण्णा, मागच्या हिवाळ्यात मी एका विहिरीच्या तळाचा गाळ तपासला, आणि तेव्हापासून तुम्ही सारखे डोळ्यांसमोर येता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी मुलगी तुम्हाला फक्त फोटोतल्या मिशांवरून ओळखते. मी बीडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हे तुम्ही पाहिलं नाही. पाहिलं असतंत तर अभिनंदन वगैरे न करता आधी विचारलं असतंत, "तिथं कोन कोन हाय? त्यातलं जास्त बोलतं कोन?" आणि जो जास्त बोलतो त्याच्यापासून जपून राहा म्हणाला असतात.

पाटोद्याच्या पोलीस लाइनीतलं आपलं स्वयंपाकघर मला अजून वासासकट आठवतं. सकाळी दूध आलं की तुम्ही पातेल्यात बोट बुडवता, थेंब अंगठ्याच्या नखावर घेता, नख उभं धरून तो कसा ओघळतो ते बघता. मग आईला विचारता, "आज दूधवाला हसला कावून?" आई तव्यावरून मान न वळवता म्हणते, "हसला म्हंजी काय गुन्हा झाला का? ह्या घरात भाकर भाजायची तरी जबानी द्यावी लागते." तुम्ही हवालदार फक्त ठाण्यात नव्हता. मीठ, रॉकेल, पाहुणे, माझ्या मैत्रिणी, सगळ्यांकडे तुम्ही एकाच नजरेनं बघायचात. मला त्या नजरेचा राग यायचा. एकदा माझी कंपासपेटी हरवली. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं चोरली, असं मी घरी येऊन रडत सांगितलं. तुम्ही जेवत होता. घास खाली ठेवलात आणि म्हणालात, "पाहिलं का वाटलं?" मी म्हटलं, वाटलं. "मग वाटलं म्हन. चोरली म्हनू नगं. त्या पोरीला उद्या कोनी हात लावला तर तो तुझा हात आसंल." मी न जेवता उठले. आईनं तुम्हाला बोल लावले. तुम्ही पुन्हा घास उचललात.

आणि तो दिवस. मी डबा घेऊन ठाण्यात आले होते. एका गावातली विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती आणि गावचे पाच-सहा जण व्हरांड्यात बसले होते. सगळे एकच सांगत होते: पालावरच्या माणसांनी नेली, पहाटे नेली, तिघं होते. साहेब पालावर गाडी पाठवायला निघाले होते. तुम्ही पुढे होऊन म्हणालात, "साहेब, ह्यांना जरा लांब लांब बसवतो." एकाला लिंबाखाली, एकाला जीपमध्ये, एकाला कोठडीच्या दारात. मग एकेकाकडे जाऊन, विडी देऊन, तुम्ही अगदी फालतू प्रश्न विचारत राहिलात. ते तिघं कोणत्या बाजूनं गेले? मोटार डोक्यावर होती का खांद्यावर? संध्याकाळ व्हायच्या आत चौघांची चार उत्तरं झाली होती आणि पाचवा रडायला लागला होता. मोटार त्याच्या मेहुण्याच्या शेतात निघाली. घरी येताना सायकलच्या दांडीवर बसून मी विचारलं की तुम्हाला कसं कळलं. "कळलं न्हवतं," तुम्ही म्हणालात. "समद्यांचं बोलनं एका साच्यातलं यायलं होतं. मला तसलं ऐकलं की ताप येतो."

मी एमएस्सीला संभाजीनगरला निघाले, तेव्हा तुम्ही मला एक पितळी कुलूप दिलंत. वसतिगृहातल्या खोलीसाठी. दोन किल्ल्या होत्या, त्यातली एक माझ्या हातावर ठेवलीत आणि दुसरी स्वतःच्या खिशात टाकलीत. मी विचारलं, तुम्हाला कशाला? "आसू दे." दोन वर्षं मी त्या दुसऱ्या किल्लीवर जळफळत राहिले. बापाचा पोरीवर विश्वास नाही, एवढाच अर्थ मला तेव्हा दिसत होता. तुम्ही गेल्यावर ती तुमच्या जुन्या पट्ट्याला सुतळीनं बांधलेली सापडली. तिचा अर्थ काय लावायचा, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

आता त्या विहिरीचं सांगते. पाटोद्याहून आष्टीकडे जाताना आत एक गाव लागतं. गावाची पिण्याची विहीर एका उताराच्या पायथ्याशी आहे. संक्रांतीच्या आगेमागे तिथं कावीळ सुरू झाली. आधी पोरं, मग मोठी माणसं, आणि मग एक सून गेली. सातव्या महिन्यात होती. ज्यांच्या घरातली ती सून, ते त्या गावचे मोठे प्रस्थ. दूध संघाचे अध्यक्ष होते कधीकाळी, अजून सगळे त्यांना अध्यक्षच म्हणतात. विहिरीच्या वरच्या अंगाला त्यांचा गुरांचा मोठा गोठा आहे, आणि गोठ्याच्या पलीकडे त्यांचंच, दिवाळीनंतर उघडलेलं नवं मंगल कार्यालय. विहिरीच्या दुसऱ्या बाजूला ऊसतोड करणाऱ्यांची वस्ती. सून गेल्यावर आठवड्याच्या आत गावात ठरलं की वस्तीवरचे लोक विहिरीच्या कडेला घाण करतात, त्यानंच पाणी नासलं. विहिरीला जाळी मारायची, कुलूप लावायचं, किल्ली अध्यक्षांकडे, आणि वस्तीनं आपलं पाणी दुसरीकडे बघायचं. ग्रामसभेची तारीख पडली.

सरपंच एक तरुण बाई आहे, माझी जुनी विद्यार्थिनी. ती लोणच्याच्या बरणीत विहिरीचं पाणी घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आली. "मॅडम, सरकारी तपासणीत नुसतं दूषित आलंय. कोणाच्या घाणीनं दूषित, ते कोणीच सांगत नाही. माझ्या मते गोठ्याचं शेण झिरपतंय." मी बरणीला हात लावला नाही. ती अध्यक्षांच्या विरोधात निवडून आलेली, हे मला ठाऊक होतं. "तुझ्या हातचा नमुना मी घेणार नाही," मी म्हटलं. तिचं तोंड पडलं. तुम्ही मात्र खूश झाला असतात. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले आणि पाण्याऐवजी तळाचा गाळ काढायला लावला, कारण मला जे शोधायचं होतं ते पाण्यात फार विरघळत नाही, गाळाला चिकटून राहतं.

काय शोधायचं होतं ते तुम्हाला समजेल असं सांगते. कोलेस्टेरॉल हे नाव शेवटच्या आजारपणात डॉक्टरच्या तोंडून तुम्ही ऐकलंच होतं. त्याचं एक मोठं घराणं आहे, त्यांना स्टेरॉल म्हणतात. माणसाच्या आतड्यातले जंतू कोलेस्टेरॉलचं रूप थोडंसं बदलतात आणि ते विष्ठेतून बाहेर पडतं. गुरं चारा खातात, चाऱ्यात वनस्पतीचं स्टेरॉल असतं, आणि गुरांच्या पोटात त्याचंही रूप तसंच बदलतं. ही दोन्ही रूपं सख्ख्या भावांसारखी दिसतात. गुरांच्या रूपात कार्बनचे दोन अणू जास्त, बस, एवढाच काय तो फरक. माणसात थोडं गुरांचं सापडतं आणि गुरांत थोडं माणसाचं, म्हणून नुसतं असून भागत नाही, कोणतं जास्त हे बघावं लागतं. आणि ते बघायचं तर दोघांना आधी पुरतं वेगळं करावं लागतं. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र असतं. कपाटाएवढ्या भट्टीत केसासारखी बारीक नळी गुंडाळून ठेवलेली असते, तिच्यातून वायू वाहतो. नमुन्याची वाफ नळीत सोडली की त्यातले पदार्थ नळीच्या अस्तराला कमी-जास्त चिकटत पुढे सरकतात. कमी चिकटणारा आधी बाहेर पडतो, जास्त चिकटणारा मागून येतो. टोकाला एक छोटी ज्योत असते. पदार्थ तिच्यात जळाला की पडद्यावर एक सुळका उमटतो.

मी गाळ वाळवला, त्यातला तेलकट अंश काढला, दाहक पोटॅश आणि अल्कोहोलमध्ये उकळून त्यातली चरबी घालवली. जे उरलं त्यावर एक द्रव्य चढवलं, म्हणजे त्याची नीट वाफ होते. आणि नमुना यंत्रात सोडला. कॉलेजातली नळी आखूड, विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी घेतलेली. पडद्यावर सुळके आलेच नाहीत. उंटाच्या पाठीसारखा एक जाडजूड उंचवटा आला, एका कडेला जरासा खांदा. माणूस आणि गुरं त्यात एकमेकांत मिसळून बसलेली.

त्याच दुपारी अध्यक्षांचा फोन आला. मी तपासतेय हे त्यांना कोणी सांगितलं, मला माहीत नाही. "मॅडम, लवकर सांगा. माणसाचंच हाय ना? आमी लई दिवस बोंबलतोय." मी म्हटलं, अजून काही सांगता येत नाही. "कावून येत न्हाई? यंत्र हाय ना तुमच्याकडं?" त्यांना इतकी घाई का? घरातली सून गेलेला माणूस एवढ्या जोरात फोनवर बोलतो का? मी फोन ठेवला आणि त्यांच्याबद्दलचा माझा संशय पक्का होत गेला. गोठा त्यांचा. शेण त्यांचं. खापर वस्तीवर. मला सगळं सरळ रेषेत दिसायला लागलं आणि त्याबरोबर थोडं बरंही वाटलं.

संभाजीनगरच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मी लांब, बारीक नळी मागून आणली. भट्टी अगदी हळूहळू तापवत नेली, घाई केली की दोघं पुन्हा एकत्र बाहेर पडतात. तुलनेसाठी गावातल्या एका म्हशीचं ताजं शेण आणि कॉलेजच्या शौचालयाच्या टाकीतला मळ असे दोन ओळखीचे नमुनेही चालवले. आमचा प्रयोगशाळा परिचर नाक धरून म्हणाला, "मॅडम, पीएचडी ह्याच्यासाठीच केलती का?" मी हसले. पण ह्या खेपेला सुळके सुटे आले, टोकदार, मधली जमीन स्वच्छ. माणसाचा सुळका उंच. गुरांचा त्याच्या पायाशी, बुटका.

माझा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर मला तो उंच सुळका नको होता. मी नुसतं द्रावक यंत्रात सोडून पाहिलं, की आधीच्या नमुन्याचं काही नळीत मागे राहिलंय का. काही नव्हतं. माझ्या बोटांचा तेलकटपणा नमुन्यात गेला असेल म्हणून नवे हातमोजे घालून पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. बोटांवरून कोलेस्टेरॉल येतं, पण आतड्यातलं रूप बोटांवरून येत नाही हे मला पाठ होतं, तरी केलं. गाळ पुन्हा काढवला, विहिरीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून. उत्तर तेच. विहिरीत माणसाचीच घाण होती.

सरपंच बाईला सांगितलं तर ती खुर्चीत मागे टेकली. "मग वस्ती गेली, मॅडम. ग्रामसभेत हे वाचून दाखवलं की संपलं." ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की मी काहीतरी सैल करावं. मी म्हटलं, "यंत्रानं माणूस म्हटलंय. कोणता माणूस, ते नाही म्हटलं." मग आम्ही दोघी वस्तीवर गेलो. घरांना बाहेरून कड्या, दारांत काट्याच्या फांद्या टाकलेल्या. एका पडवीत एक म्हातारी गोधडी उन्हात घालत होती. मी तिला विचारलं की इथले सगळे कधी गेले. तिनं आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग सरपंच बाईकडे, मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे. तिनंही मला तुमच्या नजरेनं तपासलं.

"दसऱ्याला गेलते समदे, कारखान्याला. आजून परतले न्हाईत. कावून इचारता?"

"मागं कोण राहिलं?"

"आमी म्हाताऱ्या-कोताऱ्या राहिलो की. हातपंपाचं पानी पितो, हिरीवर आमाला कोन जाऊ देतंय आता?" मग आमच्या येण्याचं कारण तिच्या लक्षात आलं असावं. ती गोधडी झटकून म्हणाली, "बाई, गावभर लोक म्हन्त्यात वस्तीनं घान केली. आमी चार म्हाताऱ्या, दोन टायमाला अर्धी अर्धी भाकर खातो. आमी एवढं हागतो का?"

सरपंच बाई तोंडावर पदर धरून हसली. मी हसले नाही. दसऱ्याला वस्ती गेली आणि संक्रांतीला कावीळ आली. कावीळ अंगात शिरल्यापासून वर यायला महिना-दीड महिना लागतो, फार तर दोन. मग ज्या दिवसांत पाणी नासलं, त्या दिवसांत तिथे नसलेली माणसं कशी दोषी? मागे वळून पाहिलं तर उतारावर गोठा, आणि त्याच्याही वर मंगल कार्यालयाची पिवळी भिंत. तुळशीचं लग्न झाल्यापासून तिथे लग्नं लागत होती. प्रत्येक लग्नाला पाच-सातशे माणसं जेवत होती, आणि जेवलेली माणसं कुठे जातात हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. माझं सगळं लक्ष गोठ्यावर होतं.

नळाचं काम करणारे गळती शोधायला एक रंग वापरतात, निरुपद्रवी, पण पाण्यात पडला की हिरवागार चमकतो. त्याची बाटली मी पर्समध्ये घातली आणि सरपंच बाईबरोबर तिच्या नात्यातल्या एका लग्नाला गेले. नवरा घोड्यावर, बँड जोरात, आणि आम्ही दोघी शालू नेसून कार्यालयाच्या बायकांच्या संडासात तो रंग टाकून वर बादल्यांवर बादल्या ओततोय. बाहेर रांगेतल्या बायका दार वाजवत होत्या. "आत काय बाळंत व्हायली का?" एकीनं विचारलं. मी अक्षता टाकून, जेवून घरी आले. संशय घेणाऱ्यानं यजमानाचं जेवण जेवू नये असं तुम्ही म्हणायचात. मी दोनदा बासुंदी घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरपंच बाईचा फोन आला. मागच्या गलक्यात ती काय म्हणतेय ते ऐकू येत नव्हतं. मी गेले तेव्हा गाव विहिरीच्या कठड्याभोवती उभं होतं. पाणी हिरवं झालं होतं. शेवाळाचं हिरवं नव्हे, हातातल्या बांगडीसारखं. मी मोठ्यानं सांगितलं की हा रंग कुठे आणि कधी टाकला. सगळे एकदम उताराकडे बघायला लागले.

अध्यक्ष माणसं बाजूला सारत पुढे आले. मी तयार होते. ते ओरडतील, मला खोटी ठरवतील, हा सरपंचाचा डाव आहे म्हणतील, ह्या सगळ्याला माझ्याकडे उत्तरं होती. त्यांनी कठड्यावर हात टेकून आत पाहिलं. मग मला विचारलं, "ह्यो माझ्या कार्यालयाचा रंग हाय?"

"हो."

"आन् माझी सून ह्येच पानी पीत व्हती."

हा प्रश्न नव्हता. ते तिथंच, कठड्याला पाठ लावून, पांढऱ्या धोतरासकट चिखलात बसले. "शोषखड्डा म्या सोता उभं राहून बांधून घेतलता, मॅडम," ते म्हणाले. "मिस्त्री म्हनला, खालचा खडक पक्का हाय, काय झिरपत न्हाई." आणि मग ते रडले, एवढ्या गावासमोर, तोंड न झाकता. अण्णा, त्या माणसाला काही माहीत नव्हतं. तो लपवत नव्हता. फोनवरचा त्याचा तो चढा आवाज, ती घाई, ती नुसती सुनेमागची तडफड होती, आणि मी तिच्यात कट ऐकला. मला वाटलं होतं. मी पाहिलं नव्हतं.

पुढं ग्रामसभा झाली. मी अहवाल वाचला. कुलपाचा विषय कोणी काढला नाही. अध्यक्षांनी कार्यालय बंद ठेवलं, खड्डा उपसून बुजवला, नवा गावाच्या पार दुसऱ्या अंगाला काढला. विहिरीचं पाणी उपसलं, तळ खरवडला, औषध टाकलं. मार्चअखेर वस्ती परत आली तेव्हा त्यांची माफी कोणी मागितली नाही, पण पहिल्या दिवशी हंडे घेऊन बायका विहिरीवर गेल्या तेव्हा कोणी अडवलंही नाही. सरपंच बाई सांगत होती, ती म्हातारी सगळ्यांत पुढे होती आणि पाणी शेंदण्याआधी तिनं ते ओंजळीत घेऊन चांगलं हुंगलं.

गावात माझं नाव झालं आहे. आसपासच्या गावांतून लोक बरण्या घेऊन येतात, मी त्यांना परत पाठवते आणि स्वतः जाते. माझी मुलगी म्हणते, आई, तू लोकांच्या घरी पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरून बघतेस, लाज वाटते. मी बघते, खरं आहे.

हे सगळं तुम्हाला सांगून झालं आणि आता हा कागद घडी करून ठेवून देणार. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी ह्या पुढचं वाक्य असलेला कागद मी पाठवला नसता. आपलं बीडचं हे घर तुम्ही निवृत्तीनंतर बांधलंत. परसात शोषखड्डा खणला तेव्हा तुम्ही स्वतः उभे होता, आणि बोअर घेतला तो नंतर, जागा उरली तिथे. दोन्हींमधलं अंतर मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसतं. बोअरचं पाणी चढतं त्या वरच्या टाकीच्या तळाशी दरवर्षी गाळ बसतो. प्रयोगशाळेत ती लांब नळी अजून यंत्रात बसवलेली आहे. ह्या वर्षीही मी टाकी धुतली, गाळ मोरीत ओतला, आणि तपासला नाही.